पगारी खलाशी, हौशी हात आणि आठशे किलोची बोट

नमस्कार काका,

मर्चंट नेव्हीत तीस वर्षं काढल्याचं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणतोय. प्रतिक्रिया दोनदा वाचली, आणि एका ओळीत उत्तर देणं बरं वाटेना.

ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मेल्जेस 24 या रेसिंग बोटीवरच्या मागच्या लेखात मी लिहिलं होतं, ‘सगळ्यांच्या बोटी एकाच साच्यातल्या, त्यामुळे पैशाचा प्रश्नच उरत नाही.’ काकांच्या मते ही धूळफेक आहे. बोटी सारख्या असल्या तरी पैसेवाला मालक पगारी खलाशी आणतो आणि जिंकतो. हौशी मंडळींची मात्र वेगळा कप देऊन बोळवण होते. शिवाय, ‘आठशे किलोची बोट म्हणजे बोट नव्हे, खेळणं. आमच्या मालवणात असल्या बोटीत कुणी पाय ठेवणार नाही.’

पैशाचं म्हणाल तर माझं वाक्य चुकलंच. शिडं वापरून ताणली गेली की नवी घ्यावी लागतात. सरावासाठी रजा ज्याला मिळते तो पुढे जातो. एक साचा पाळला जातो की नाही हेही कुणीतरी मोजून बघावं लागतं. 2017 साली सार्डिनियात पोर्तो चेर्व्होला जे/70 या अशाच एकसाची बोटींची जागतिक स्पर्धा होती. तिथे तपासणीत काही बोटींच्या कीलमध्ये, म्हणजे तळाखालच्या पात्यात, नियमबाह्य बदल सापडले आणि त्यांना स्पर्धेबाहेर ठेवलं गेलं. तेव्हा ‘प्रश्नच उरत नाही’ हे मी मागे घेतो. लेखातही दुरुस्ती केली आहे.

पण ‘पगारी’ आणि ‘हौशी’ हे शब्द तुम्ही ‘तरबेज’ आणि ‘कच्चा’ या अर्थाने वापरलेत, तिथे मात्र मला थांबवावंसं वाटतं. नियमाला कौशल्याशी देणंघेणं नाही. वर्ल्ड सेलिंग या शिडाच्या बोटींच्या खेळाच्या जागतिक संघटनेच्या वर्गीकरणात एवढंच बघतात की हा माणूस शर्यतीचे पैसे घेतो का, किंवा त्याचा धंदा असा आहे का की ज्यातलं ज्ञान बोटीचा वेग वाढवायला कामी येतं. एस्टोनियाच्या टोनू टोनिस्टेचं उदाहरण घ्या. भावासोबत 470 या दोन माणसांच्या बोटींच्या वर्गात 1988 ला सोव्हिएत संघाकडून रौप्य, 1992 ला एस्टोनियाकडून कांस्य, अशी दोन ऑलिंपिक पदकं त्याच्या नावावर आहेत. त्याच्याच ‘लेनी’ बोटीने मेल्जेस 24 चं कॉरिन्थियन, म्हणजे हौशी गटाचं, जागतिक विजेतेपद मिळवलं आहे. याला बोळवण कसं म्हणायचं?

आता उलट बाजू. मी मिशिगन सरोवरावर एका मित्राच्या मेल्जेसवर स्पिनेकर, म्हणजे पुढचं मोठं फुगीर शीड, सांभाळतो. गेल्या ऑगस्टमध्ये आमच्यातल्या एकाचं मनगट दुखावलं, म्हणून दोन दिवस एक पाहुणा आला. तो शिडं शिवणाऱ्या कंपनीत नोकरीला आहे, त्यामुळे नियमाने व्यावसायिक. आमच्याकडून त्याने दुपारच्या सँडविचपलीकडे काही घेतलं नाही. तरी तो बोटीवर चढला आणि त्या रेगाटापुरतं, म्हणजे त्या स्पर्धेपुरतं, आमचं नाव हौशी यादीतून गेलं. आम्ही ते कबूल करूनच त्याला घेतलं होतं.

पहिल्या दिवशी वरच्या मार्कला, म्हणजे वाऱ्याच्या बाजूच्या खुणेच्या तरंड्याला, वळलो, स्पिनेकर उघडला. हे शीड 62 चौरस मीटरचं आहे. मुंबईत एवढ्या जागेत वन-बीएचके सहज बसतो. त्याची दोरी माझ्या हातात. मला सवय अशी की शिडाचा काठ जरा फडफडला की घाबरून दोरी ओढायची. त्याने दोरी काढून घेतली नाही. माझ्या मुठीच्या पुढे दोरीवर दोन बोटं ठेवली आणि म्हणाला, थांब, काठ दुमडू दे. शिडाचा वरचा काठ पुरीच्या कडेसारखा आत वळला. मी ओढणार तेवढ्यात म्हणाला, अजून नाही. वाऱ्याचा झोत आला, त्याने बोटं उचलली, मी वीतभर दोरी सोडली, आणि बोट कलायच्या ऐवजी पुढे सुटली. खालून येणारा पाण्याचा खळखळाट थांबून नुसती थरथर सुरू झाली, पत्र्यावर पाऊस पडतो तशी. चार हंगाम मी हे यूट्यूबवर बघत होतो. हाताला कळलं ते त्या दिवशी.

या वर्गात हौशी आणि व्यावसायिक एकाच रेषेवरून एकाच भोंग्यावर सुटतात, आणि हौशींचा निकाल वेगळाही लागतो. ते वेगळे काढले असते तर त्या माणसाशी माझी गाठ पडली नसती. एवढंच मला मागच्या लेखात सांगायचं होतं, आणि ते नीट जमलं नाही.

हा वाद जुना आहे. एकोणिसाव्या शतकात मोठ्या यॉटवर मालक प्रवाशासारखा बसायचा आणि बोट चालवायचे पगारी खलाशी. स्वतःच्या हाताने बोट चालवणारे स्वतःला कॉरिन्थियन म्हणवू लागले. इंग्लंडमधला रॉयल कॉरिन्थियन यॉट क्लब 1872 चा आहे. म्हणजे तुमच्यासारखाच राग त्यांनाही होता. पुढे ‘फार 40’ (Farr 40) या चाळीस फुटी बोटींच्या वर्गाने त्यावर नियमच केला: सुकाणू मालकाच्याच हाती, आणि व्यावसायिक जास्तीत जास्त चार. मेल्जेस 24 मध्ये मालकाने सुकाणू धरायची सक्ती नाही. मला विचाराल तर ती असायला हवी होती.

आता खेळण्याबद्दल. बोट सुमारे 810 किलोची, छोट्या मारुती गाडीएवढी. तिच्यावरच्या सगळ्यांचं मिळून वजन 375 किलोच्या वर जाता कामा नये. म्हणजे बोटीच्या जवळजवळ निम्मं वजन माणसांचंच! म्हणून रेगाटाच्या आदल्या दिवशी आम्ही पाचही जण नुसत्या चड्डीवर काट्यावर उभे राहतो. कुणी जाडा असेल तर बाकीच्यांनी बारीक असायचं. तुमच्या जहाजावर एक माणूस डावीकडून उजवीकडे गेला तर कुणाला कळणार नाही; इथे एकजण उशिरा काठावर सरकला तर बोट कलते आणि सुकाणू हातात जड होतं. खाली पात्यासारख्या कीलच्या टोकाला शिशाचा गोळा आहे, तो तिला सावरतो. ती कील वर ओढता येते, म्हणून बोट ट्रेलरवर चढवून गाडीमागे नेता येते. मालवणच्या होडीला मासळी भरून घरी यायचं असतं, हिला काहीच वाहून आणायचं नसतं. पावसाळ्याच्या तोंडावर हिला घेऊन मीही मालवणच्या दर्यात जाणार नाही, ते तुमचं अगदी खरं.

आणि ही बोट बनवणारे मेल्जेस विस्कॉन्सिनमधल्या झेंडाचे, जिथून समुद्र शेकडो मैल लांब आहे. त्या घराण्यातल्या बडी मेल्जेसने 1972 ला सोलिंग वर्गात ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं आणि 1992 ला अमेरिकाज कप ही शिडाच्या बोटींची नामांकित शर्यत जिंकणाऱ्या बोटीचं सुकाणू धरलं. त्याच बोटीवर मालक बिल कोचही अधूनमधून स्वतः सुकाणूवर असायचा.

तुम्ही आता विचाराल, ‘त्या पाहुण्यामुळे तुमचा नंबर तरी आला का?’ तर त्या रेगाटात आम्ही चौदा बोटींत सहावे आलो. त्याआधीच्या रेगाटात अकरावे होतो. पुढच्या महिन्यात पुन्हा आम्ही पाचच आहोत, सगळे हौशी, आणि दोरी माझ्याकडेच आहे. निकाल लागला की इथेच लिहीन.