दुसरा डोळा

कोणताही चेहरा काढायला घेतला की पहिला डोळा मला उत्तम साधतो. हे मी आत्मस्तुती म्हणून सांगत नाही, कारण माझ्या सगळ्या विपत्तींचा उगम तिथेच आहे. पापणीची जाडी, बुबुळातला प्रकाशाचा ठिपका, नाकाकडचा तो ओलसर कोपरा हे सारे इतके झकास उतरते की उरलेला चेहरा ही आता केवळ औपचारिकता आहे, असे मला वाटू लागते. मग मी दुसरा डोळा काढते. तो पहिल्याहून किंचित वर तरी असतो, किंचित मोठा तरी असतो, नाहीतर पहिला डोळा जिकडे पाहत आहे त्या दिशेशी आपला काडीचाही संबंध नसल्यासारखा भलतीकडेच लागलेला असतो. खोडून खाली घ्यावा, तर तो फारच खाली उतरतो. पुन्हा खोडावे, तर एव्हाना त्या जागी कागदाला लव फुटलेली असते आणि चित्रातल्या निरपराध माणसाला कुणीतरी ठोसा लगावल्यासारखे काळे वर्तुळ उमटलेले असते.

चाळिशी उलटल्यावर चित्रकला शिकायची ठरवली, तेव्हा मी फुलदाणीपासून सुरुवात केली होती आणि तिथेच थांबले असते, तर आज घरात माझ्या कलेविषयी बरे बोलले गेले असते. फुलदाणी थोडी वाकडी गेली, तरी पाहणारा तिला फुलदाणीच म्हणतो. चेहऱ्यात मात्र ओठाची कड सुताएवढी सरकली, तरी तोच पाहणारा काळजीच्या सुरात ‘यांना काय झाले होते?’ असे विचारतो. माणसाच्या मेंदूत चेहरे ओळखण्यात तरबेज असा एक खास भाग आहे आणि तो जन्मभर दुसरे काही करत नसल्यासारखा माझ्या चुका शोधत बसतो. गंमत अशी, की चेहरा उलटा धरला की त्याची ही हुशारी बरीच मावळते. १९८० साली पीटर थॉम्पसन या मानसशास्त्रज्ञाने मार्गारेट थॅचर यांच्या छायाचित्रातले फक्त डोळे आणि तोंड फिरवून उलटे बसवले. ते छायाचित्र डोके खाली करून पाहिले, तर फारसे काही खटकत नाही. सुलटे केले, की तोच चेहरा भयंकर दिसतो. यावरून माझी व्यक्तिचित्रे पाहुण्यांना उलटी धरूनच दाखवावीत, असा निष्कर्ष मी काढला आणि काही दिवस तो अमलातही आणला.

खरा धक्का मात्र प्रमाणांनी दिला. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात, हे वाचले तेव्हा मला छपाईची चूक वाटली. डोळे वर असतात, हे कुणीही सांगेल. शेवटी पट्टी घेऊन आरशासमोर उभी राहिले, टाळूपासून हनुवटीपर्यंतचे अंतर मोजले आणि त्याचे निम्मे केले, तर पट्टीवरची ती खूण थेट डोळ्यासमोर आली. इतकी वर्षे रोज आरशात पाहूनही मी स्वतःला नीट पाहिलेच नव्हते. जुनी वही उघडून पाहिली, तर माझी सगळी माणसे भुवयांच्या वर दोन बोटांतच संपत होती. मुद्रा विचारवंताची आणि मेंदूला जागाच नाही, असा तो मेळावा होता. मग डोक्याची रुंदी सुमारे पाच डोळ्यांएवढी, दोन डोळ्यांमधली जागा एका डोळ्याएवढी, कान भुवईच्या रेषेपासून नाकाच्या तळापर्यंत, हे सगळे मी पाठ केले. पाठांतराने एवढेच झाले, की माझे चेहरे आता नियमानुसार चुकू लागले. शिवाय हे सारे समोरून पाहिलेल्या चेहऱ्याला लागू. मान जराशी वळली, की पलीकडचा डोळा आखूड होतो, पलीकडचा गाल नाकाआड जातो आणि माझे धैर्यही त्यांच्यामागोमाग जाते. म्हणून माझ्या वहीत बराच काळ केवळ नाकासमोर पाहणारी सरळमार्गी माणसेच नांदत होती.

पूर्ण आकृतीची कथा याहून करुण आहे. लिओनार्दो दा विंची यांनी १४९० च्या सुमारास वर्तुळात आणि चौकोनात हातपाय पसरून उभा केलेला तो प्रसिद्ध पुरुष ज्या रोमन वास्तुतज्ज्ञाच्या मापांवर आधारलेला आहे, त्या विट्रुव्हियसच्या मते डोके हे उंचीचा आठवा भाग असते. प्रत्यक्षातली माणसे साधारण साडेसात डोक्यांत भागतात आणि तान्हे मूल चारेक डोक्यांचे असते. माझी पद्धत अशी, की डोके आधी, मोठ्या मायेने आणि चांगले ऐसपैस काढायचे. परिणामी पाचव्या डोक्याशी कागद संपतो आणि भरघोस मिशांचा गृहस्थ बालवाडीतल्या मुलाच्या अंगकाठीचा होऊन कागदाच्या कडेवर कसाबसा उभा राहतो. पाय बहुधा कागदाबाहेरच राहतात, आणि त्याबद्दल मी कागदाची ऋणी आहे.

हातांना असा आडोसा मिळत नाही. हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंतचा चेहरा झाकेल एवढा तळहात बोटांसकट असतो, हे एकदा कळले, की आपण आजवर बाहुल्यांचे हात काढत होतो हेही कळते. ते मोठे करावेत, तर रबरी हातमोज्यात हवा भरल्यासारखे दिसतात. बोटे एकेक करून न काढता आधी हाताचा एकसंध ठोकळा आखावा आणि मग त्यात बोटे विभागावीत, हा उपाय खरोखर गुणकारी आहे. पण तो समजेपर्यंत माझ्या चित्रांतल्या सर्वांनी हात खिशात घातले होते, पाठीमागे बांधले होते किंवा शालीत लपवले होते. याच धोरणाने दुसऱ्या डोळ्यावर केसांची बट आणली जाई. दातांबद्दल एवढेच सांगते, की ते एकेक मोजून काढू नयेत. काढले, तर हसणारा माणूस चावायला निघाल्यासारखा दिसतो.

लिओनार्दो यांनीच चित्रकारांना दिलेला एक सल्ला असा, की आपले काम मधूनमधून आरशात पाहावे. मी पाहिले. जो चेहरा मला सरळ वाटत होता, तो आरशात सबंधच्या सबंध एका बाजूला घसरलेला निघाला. डोळ्याला सवयीने न दिसणारी चूक उलट्या प्रतिमेत अशी चव्हाट्यावर येते. पहिला डोळाही फारसा चांगला नव्हता, हे मला त्या दिवशी समजले.

आता मी तीस सेकंदांची रेखाटने करते. त्यात डोळा, नाक असे काही काढायचे नसते. मणक्याचा बाक, खांद्यांचा कल आणि भार कोणत्या पायावर आहे, एवढेच पकडायचे असते. खोडायला वेळच नसल्यामुळे ती चित्रे जिवंत वाटतात, असे माझे मत आहे. घरच्यांना ती शिंप्याने खडूने केलेल्या खुणांसारखी वाटतात. खोळंबा एवढाच, की नमुना म्हणून उभे राहायला सांगितले, की घरातल्या प्रत्येकाला तातडीची कामे आठवतात.

शेवटी मी बाबांवर आले. दुपारी ते आरामखुर्चीत कुशीवर कलून झोपतात, हलत नाहीत, आणि मुख्य म्हणजे त्यांचे दोन्ही डोळे मिटलेले असतात. परवा तासभर बसून त्यांचे चित्र पुरे केले, तोच ते जागे झाले. चष्मा लावून त्यांनी वही हातभर लांब धरली आणि बराच वेळ पाहिली.

“अगं, हा तर माझ्या थोरल्या भावासारखा दिसतोय,” ते म्हणाले. मी मान खाली घातली. त्यांनी वही जरा जवळ घेतली. “कान मात्र माझाच आहे. आणि दुसरा कुठे आहे?”

“तो उशीखाली आहे, बाबा,” मी म्हणाले.