लाइव्ह रॉक उकळायला सांगणारा शहाणा कोण?

‘समुद्री टँकमधली कीड घालवा, घरगुती उपाय’ असा एक मेसेज फिरतोय, घरी खाऱ्या पाण्याचा मत्स्यटँक ठेवणाऱ्यांसाठी. जुळे सोलापुरातल्या भाच्यानं तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, कुकर चालेल का पातेलंच लागतं?’ म्हणून लिहितोय, नाहीतर असल्या फॉरवर्डला कोण उत्तर देत बसतं!

पहिला उपाय: नवा लाइव्ह रॉक, म्हणजे पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू आणि समुद्री जीव वस्तीला असलेला प्रवाळाचा सच्छिद्र दगड, २० मिनिटं उकळा, आतले किडे-खेकडे मरतात. मरतात, खरंय. सोबत ज्यांच्यासाठी पैसे मोजले ते जिवाणूही मरतात, आणि भोकांत अडकलेलं मेलेलं सगळं टँकमध्ये सडून अमोनिया होतो. पण हे नुकसान खिशाचं. दगडावर झोअँथिड, म्हणजे झालर लावलेल्या बटणांसारखे दिसणारे प्रवाळासारख्या जिवांचे ते गोंडस पुंजके असतील, तर गोष्ट जिवावरची. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं. जहाल विष, उतारा नाही, उकळून ते जात नाही. उलट वाफेबरोबर हवेत येतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं २०१५ मध्ये अलास्कातल्या अशा घटनांचा अहवाल छापलाय. ऑगस्ट २०१४ मध्ये अँकरेजच्या एका माणसानं घरच्या टँकमध्ये झोअँथिड सोडले. ७-८ तासांत तोंडाला कडू, धातूसारखी चव, ताप, खोकला, अशक्तपणा, अंगदुखी, थेट दवाखाना. घरातल्या नुसत्या टँकपायी ही गत, आणि आपण मे महिन्यात एसीसाठी खिडक्या लावून, ताईच्या भाकरीच्या तव्याशेजारी हे उकळणार? ब्रशनं खरवडणं, गरम पाणी ओतणं, तेही नको. हात लावायचाच तर हातमोजे आणि चष्मा घालून, दगड पाण्याखाली ठेवून.

दुसरा: एप्टेशिया ब्लेडनं कापा. बोट जवळ नेलं की सुर्रकन भोकात जाणारं ते तपकिरी, काचेरी अ‍ॅनिमोन, दगडाला चिकटून राहणारा फुलासारखा समुद्री जीव. कापलं की खाली उरलेल्या तुकड्यांतून नवी उगवतात. एक काढायला जाल, चार वाढवून ठेवाल. त्याच मेसेजात ‘पानाचा चुना लावा’ असंही आहे, आणि इथं नाइलाजानं मान डोलवावी लागते. कल्कवासर म्हणून जो लेप वापरतात तो कॅल्शियम हायड्रॉक्साइडच, म्हणजे चुनाच. पण टपरीवरच्या डबीतला नव्हे. शुद्ध पावडर आरओच्या पाण्यात घट्ट कालवायची, पंप बंद करायचे, सिरिंजनं नेमकं एप्टेशियाच्या तोंडावर सोडायचं. एका वेळी दोन-तीनच, नाहीतर पाण्याचा पीएच चढतो.

‘सगळे ब्रिसलवर्म (दगडात राहणारे केसाळ समुद्री किडे) विषारी’ हे तर उगाचच. केस टोचून हात जळजळतो, पण बहुतेक जाती उरलंसुरलं खाऊन दगड साफ ठेवतात. केसाळ, काळ्या नख्यांचा खेकडा मात्र काढाच. रात्री दगडाला काचेचा ग्लास तिरका टेकवा, तळाशी कोळंबीचा तुकडा. आत उतरतो, गुळगुळीत काचेवरून वर येता येत नाही.

मालवणहून फुकट दगड आणायचा सल्ला देणाऱ्यानं १९७२ चा वन्यजीव कायदा उघडून बघावा. दगडी प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत.

भाच्या, तुझा दगड महिनाभर वेगळ्या टबात ठेव, खाऱ्या पाण्यात, पंप लावून. हीटरची गरज नाही, आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाण्यावर पंखाच सोडावा लागेल. रात्री लाल टॉर्च मारून बघ, काय काय बाहेर येतंय ते. आणि वाफ होऊन उडालेलं पाणी आरओच्या पाण्यानंच भर, खाऱ्या पाण्यानं नको. मीठ आतच राहिलेलं असतं.