पुंगळी ओवायची राहिलीच!

परभणीचा मे महिना, दुपारचे दोन, दुकानाचा पत्रा तव्यासारखा तापलेला. अन् मी त्यावर उकिडवा बसून सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या केबलला बीएनसी, म्हणजे टोकाचा कनेक्टर, लावतोय. वरची साल सोलली, आतली तारांची जाळी मागं सारली, आतलं पांढरं प्लास्टिक कापलं, तांब्याच्या तारेवर पिन दाबली, बॉडी खट्‌कन बसली. अन् मग दिसली पुंगळी, म्हणजे जाळीवरून दाबून बसवायची धातूची नळी, मांडीवर तशीच पडलेली. ती सगळ्यात आधी केबलमध्ये ओवायची असते. आता? कापा, अन् पुन्हा पहिल्यापासून.

वीस वर्षं झाली, अजून हीच चूक होते. माझंच चुकतं, मान्य. पण विसरताच येणार नाही असा तुकडा का नाही करत? डिशचा एफ कनेक्टर बघा, त्याला वेगळी पिनच नाही, केबलची तारच पिन! कुणाचं तरी डोकं चाललं होतं.

स्क्रूवाल्या बीएनसीचं तर नावच काढू नका. तीळाएवढा स्क्रू, घामेजलेली बोटं, खाली गटार. अन् जाळीचा केसाएवढा धागा पिनेला टेकला की शॉर्ट, पडद्यावर 'नो सिग्नल'. तो धागा शोधायला चष्मा लागतो, चष्मा खाली गाडीत.

पुंगळी बॉडीलाच जोडलेले कम्प्रेशनवाले मिळतात, पण त्याला निराळं हत्यार लागतं अन् गिऱ्हाईक म्हणतं, "स्वस्तातला लावा की, दिसतंय कुणाला?"

खालून आवाज आलाच, "दादा, एवढ्याशा टोपणाला दोन तास?"