‘पुढचे शाफ्ट काढा, झाली रिअर-व्हील’? एवढं सोपं नाही

सातारा-सांगलीच्या गाडीवेड्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय. सांगणं थोडक्यात असं: ‘ऑल-व्हील गाडीचे पुढचे शाफ्ट काढले की ती रिअर-व्हील होते. मागचा डिफ कंपनीचाच ठेवा, तो इंजिनाची सगळी ताकद झेलायलाच बनवलेला असतो. एकच चाक फिरत असेल तर वेल्ड मारा, फुकटात एलएसडी. वर मायलेजही वाढतं.’ (ऑल-व्हील म्हणजे चारही चाकांना ताकद, रिअर-व्हील म्हणजे फक्त मागच्या दोघांना. शाफ्ट म्हणजे ती ताकद चाकांपर्यंत नेणारे दांडे. डिफ, म्हणजे डिफरन्शियल, ही वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी. एलएसडी ही तिचीच सुधारित जात, एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारी.)

आधी शाफ्ट. मॅन्युअल सुबारूसारख्या गाडीत गिअरबॉक्समध्ये सेंटर डिफ असतो, पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारा. पुढचे शाफ्ट काढले की पुढे अडवायला काही उरत नाही आणि सगळी फिरत तिकडेच पळते. क्लच सोडलात तर गाडी जेमतेम रांगेल आणि व्हिस्कस कपलिंग (घट्ट द्रवाच्या जोरावर पुढची-मागची बाजू जोडून ठेवणारा भाग) तापत बसेल. म्हणून सेंटर डिफ लॉक करावाच लागतो. डस्टर ऑल-व्हीलची अडचण वेगळी. तिथं मागच्या डिफच्या तोंडाशी विजेवर चालणारा क्लच आहे, तो मागच्या चाकांना गरजेपुरती मदत द्यायला. कायमचा सगळा भार त्याच्यावर टाकणं म्हणजे त्याला जाळणं. माझं मत विचाराल तर त्या गाडीच्या नादाला लागूच नका.

‘डिफ सगळी ताकद झेलतो’ हे तर हिशेबातच बसत नाही. इंजिन ३०० न्यूटन-मीटरचं आणि पहिला गिअर ३.४५ धरा. गिअरबॉक्समधून १०३५ बाहेर पडतात. निम्मी-निम्मी वाटणी असेल तर मागच्या डिफच्या वाट्याला ५१७ च्या आसपास येतात. शाफ्ट काढल्यावर सगळेच. ‘मग पहिल्याच दिवशी तुटणार’ म्हणणारेही अतिशयोक्ती करतात, कारण टायर घसरला की डिफवरचा भार तिथंच थांबतो. फरक एवढाच, की पूर्वी ती हद्द क्वचित गाठली जायची, आता क्लच सोडल्या-सोडल्या. त्यात मागचं चाक उड्या मारत पकड घ्यायला-सोडायला लागलं की त्या हिसक्यांनी क्राऊन-पिनियनचे, म्हणजे डिफमधल्या मोठ्या आणि छोट्या गिअरचे, दात जातात. सुबारूच्या साध्या मॉडेलांना आर-१६० आणि एसटीआय या ताकदवान मॉडेलला आर-१८० डिफ उगाच दिलेला नाही. आकडा क्राऊनच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. ताकद वाढवलेली असेल तर मोठाच घ्या, पण त्याचे शाफ्ट वेगळे लागतात, तो खर्च आधीच धरा.

रेशोबद्दल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला पिनियन किती फेरे घेतो त्याबद्दल, त्या मजकुरात अवाक्षर नाही, आणि खरी निवड तिथंच आहे. ऑल-व्हील असताना मागचा रेशो पुढच्याशी जुळवावाच लागतो. पुढचं काढलं की ते बंधन सुटतं. २०५/५५ आर-१६ टायर ताशी १०० ला मिनिटाला साधारण ८४० फेरे घेतो. टॉप गिअर ०.७४ असेल तर ३.९ च्या डिफवर इंजिन २४२५ च्या आसपास फिरेल, ४.४४ वर २७६० च्या. पेठ नाक्याहून साताऱ्यापर्यंत हायवेला हा फरक कानाला जाणवतो. आणि पहिल्या गिअरात टायर आधीच घसरत असेल, तर मोठ्या आकड्याने नुसता धूर वाढेल. मी ३.९ च घेईन.

आता वेल्डिंग. मागची चाकं एकमेकांपासून दीड मीटरवर असतील, तर पूर्ण उलट्या वळणात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ४.७ मीटर जास्त चालतं. वळण मोठं असो की छोटं, हा आकडा तोच. यवतेश्वराच्या घाटात असं वळण आलं की वेल्ड मारलेल्या डिफला हा फरक टायर घासून भरून काढावा लागतो. कोरड्यात टायर झिजतात, शाफ्टला पीळ बसतो. पावसाळ्यात मागचा भागच बाहेर निघतो. रस्त्यासाठी हेलिकल, म्हणजे तिरक्या दातांच्या गिअरवर चालणारा, एलएसडी बरा. एक चाक हवेत गेलं की तो लंगडा पडतो, हे खरं. ट्रॅकसाठी घर्षणाच्या प्लेटा असलेला एलएसडी, पण त्याला खास तेल आणि वेळोवेळी प्लेटा लागतात.

मायलेज? थोडं वजन आणि थोडं घर्षण कमी होतं, बाकी सगळं तुमच्या पायावर. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता, अशी गाडी रस्त्यावर आणणं म्हणजे आरटीओ आणि विमा कंपनी दोघांनाही आयतं कारण देणं. ती बंद ट्रॅकवरच शोभते.

जुना डिफ घ्यायला गेलात तर विकणाऱ्याच्या तोंडी रेशोवर जाऊ नका. साधा डिफ असेल तर एक शाफ्ट पक्का धरा, दुसरा बरोबर दोन फेरे फिरवा आणि पिनियनच्या फ्लँजवर खडूची खूण करून तिचे फेरे मोजा. चाराला थोडे कमी भरले तर ३.९, साडेचारच्या जवळ गेले तर ४.४४. झाकण उघडलेलं असेल तर दातच मोजा: ३९ आणि १०, किंवा ४० आणि ९.