चूजचं स्पेलिंग आणि अर्धा मार्क

भाच्याने वहीत चूजचं स्पेलिंग सी-एच-यू-एस-ई लिहिलं, बाईंनी लाल रेघ मारून अर्धा मार्क कापला. बाई बरोबरच आहेत, आज डबल ओ वालंच चालतं, पण गंमत अशी की १७८७ साली लिहिलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेत नेमकं हेच यू वालं स्पेलिंग आहे, प्रतिनिधींनी आपला स्पीकर निवडावा असं जिथे म्हटलंय तिथे, आणि मूळ मजकूर छापताना आजही ते तसंच छापतात.

झालं, मी त्या शब्दाच्या मागेच लागलो. तर चूजचा मूळ अर्थ निवडणं नाहीच, चव घेणं! चौथ्या शतकातल्या गॉथिक, म्हणजे एका जुन्या जर्मन टोळीच्या भाषेतल्या, बायबलात 'मरणाची चव घेणं' म्हणायला याच घराण्यातलं क्रियापद येतं. लॅटिनमध्ये चवीला गुस्तुस, तोही याचाच भाऊ, म्हणजे एखाद्या गोष्टीने डिस्गस्ट होतो तेव्हा सुद्धा आपण चूजच्या नात्यातलाच शब्द वापरतो. आणि संस्कृतात जुष्, आवडीने घेणं, गोडी वाटणं. गीतेत अर्जुन हातपाय गाळून बसतो तेव्हा कृष्ण त्याला 'अनार्यजुष्टम्' म्हणून झापतो ना, त्यातला जुष्ट हाच. अजून एक, फारसीतून आपल्याकडे आलेला दोस्त पण याच मुळाचा. म्हणजे ज्याची गोडी लागली तो दोस्त (हे शेवटचं माझं पदरचं, भाषावाल्यांनी कमेंटमध्ये मारू नये).

चॉइसची तर वेगळीच वरात. जर्मन टोळ्यांचा शब्द फ्रेंचांनी उचलला आणि इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला, घरात चूज असताना! शेजाऱ्याकडे गेलेली आपलीच वाटी परत येताना नक्षी काढून यावी तसं.

आपलं निवडणं मात्र वेगळं आहे, तांदूळ निवडायचे म्हणजे खडे काढायचे, मेथी निवडायची म्हणजे पिवळी पानं नि जाड देठ बाजूला. त्यात जिभेचा काही संबंध नाही, नजर आणि बोटं. जीभ हवी असेल तर शेजारी आवड आणून बसवावी लागते, म्हणून तर आपण आवडनिवड असा जोडशब्दच करून टाकला, आणि मला विचाराल तर तो चूजपेक्षा कितीतरी प्रामाणिक शब्द आहे, कारण दोन्ही कामं उघड सांगतो.

पण खरी मजा पुढेच आहे. इंग्रजीत आज चॉइस म्हणजे मुख्यतः पर्याय, ए बी सी डी पैकी एक. आणि आपल्याकडे कुणाची साडी बघून काय म्हणतात? 'काय चॉइस आहे गं तुझा!' तिने कशातून निवडली हे कुणी विचारतच नाही, कौतुक असतं ते रसिकतेचं, तिच्या पसंतीचं. इंग्रजीने जी चव मागे टाकली ती आपल्या काकू-मावश्यांनी साडीच्या दुकानात परत आणून ठेवली आणि वर लोक म्हणतात आपण चुकीचं इंग्रजी बोलतो.

भाच्याला हे सगळं रंगवून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मामा, मग तू बाईंना येऊन सांगशील का, अर्धा मार्क द्यायला?