आखूड दुनळी आणि ‘मॅग्नम बिनधास्त’ म्हणणारा तो मेसेज

‘आखूड नळीच्या दुनळीबद्दल कोणीच न सांगितलेल्या गोष्टी’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. तो माझ्या मामेभावापर्यंत पोचला. त्याने नुकतीच २० इंची नळ्यांची, बारा बोरची जुनी दुनळी घेतली आहे. मेसेज वाचून त्याने मला विचारलं, “दादा, मग तीन इंची मॅग्नमच आणू ना?” मॅग्नम म्हणजे नेहमीपेक्षा जास्त छर्ऱ्यांचं, जोरदार काडतूस. म्हणून हे लिहितोय, आणि जरा रागातच लिहितोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. नळी आखूड असली की आतला दाब कमी राहतो. वेगही निम्म्यावर येतो, म्हणून ताकद भरून काढायला मॅग्नम वापरा. काडतूस आत बसलं आणि बंदूक बंद झाली की ते चालतं. नेम धरायची गरज नाही, आखूड नळीमुळे छर्रे खोलीभर पसरतात. आणि दोन्ही चाप एकदम ओढले की ताकद दुप्पट.

दाबाचं आधी घेतो, कारण याच वाक्यापायी कोणाची तरी बोटं जातील. दारू पेटते तेव्हा दाबाचा कळस चेंबरात, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या भागात, आणि त्याच्या लगेच पुढच्या एक-दोन इंचांत येतो. छर्रे तोवर जेमतेम हललेले असतात. नळी पुढे १८ इंचांवर संपते की ३० वर, याचा त्या कळसाशी काही संबंध नाही. तेच काडतूस, तेच चेंबर, तर दाबही तोच. आणि आपला पुढचा हात असतो तो याच भागाच्या आसपास. आखूड नळीत फरक पडतो तो तोंडाशी, आणि तिथे दाब कमी नव्हे, जास्त असतो. वायूंचा जोर पुरता ओसरायच्या आत ते बाहेर पडतात, म्हणून आवाज आणि भडका मोठा, तोही कानाच्या अधिक जवळ. बारा बोरचा बार १४० डेसिबलची धोक्याची रेषा सहज ओलांडतो. कानाला संरक्षण न लावता आखूड दुनळी उडवायचीच नाही.

कोणाला माझा शब्द पुरेसा वाटत नसेल तर सीआयपीचे आकडे बघा. ही १९१४ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संस्था आहे, आणि तिच्या सदस्य देशांत बंदुकांची सक्तीची चाचणी तिच्याच नियमांनी होते. बारा बोरच्या साध्या काडतुसासाठी दाबाची मर्यादा ७४० बार (इथे ‘बार’ हे दाबाचं माप) आहे आणि जास्त दाबाच्या काडतुसासाठी १०५० बार. म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त फरक. नळी आखूड आहे म्हणून या मर्यादेत कुठलीही सवलत मिळत नाही. साध्या दाबासाठी तपासलेल्या जुन्या बंदुकीत १०५० वालं काडतूस भरा असं सांगणारा माणूस धोका स्वतः पत्करत नाही, वाचणाऱ्याच्या हातात देतो.

आता ‘बसलं की चालतं’. या वाक्याने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं, कारण ते पटण्यासारखं आहे. खोक्यावर लिहिलेली ६५, ७० किंवा ७६ मिलिमीटर ही लांबी काडतूस उडून तोंड उघडल्यानंतरची असते. न उडवलेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं, त्यामुळे ते बरंच आखूड भरतं. म्हणून ७६ चं काडतूस ७० च्या चेंबरात अलगद जातं आणि बंदूक खट्कन बंद होते. बार झाला की दुमड पुढे उघडायला बघते आणि तिथे जागाच नसते. चेंबर संपून नळी निमुळती होते त्याच तोंडाशी काडतुसाची कड अडते, वाट अरुंद होते, आणि वॅड (दारू आणि छर्ऱ्यांमधली गादी) व छर्रे तिथून रेटून जाताना दाब चढतो. बंदूक बंद होणं हा कसलाच पुरावा नाही.

यात एक अर्धसत्य आहे, तेही मान्य करतो. ७० चं सौम्य काडतूस ६५ च्या चेंबरात उडवून काहीच झालं नाही असे अनुभव खरे आहेत. काही कारखाने ६५ पेक्षा थोडी लांब काडतुसं मुद्दाम कमी दाबाची बनवतात आणि ती ६५ च्या चेंबरात चालतील असं खोक्यावर छापतात. पण ती हमी त्या खोक्याची आहे, काडतूस बसण्याची नाही. मॅग्नमला ती लागू करणं हा सरळ खोटेपणा आहे.

आपलं चेंबर कितीचं हे नळ्या उतरवून खालच्या सपाट भागावर बघावं. तिथे चाचणीचे शिक्के असतात आणि बहुतेक वेळा लांबीही कोरलेली असते. शिक्का पुसट असेल किंवा नसेलच, तर जाणत्या बंदूक कारागिराकडून गेजने मोजून घ्यावं. तोवर एकही बार काढू नये. मामेभावाच्या बंदुकीवर ६५ निघालं.

‘बसलं की चालतं’ची आणखी एक भयंकर बाजू आहे. वीस बोरचं काडतूस बारापेक्षा बारीक असतं, म्हणून ते बारा बोरच्या चेंबरातून पुढे घसरतं आणि नळीत अडकून बसतं. उघडून पाहिलं तर चेंबर रिकामं दिसतं. मग माणूस त्यामागे बाराचं काडतूस भरतो आणि चाप ओढतो. नळी फाटते. अमेरिकेतल्या सामी या संस्थेच्या धोकादायक जोड्यांच्या यादीत ही जोडी आहे, आणि वीस बोरची काडतुसं पिवळ्या रंगाची करण्यामागे हेच कारण आहे. दोन बोरची काडतुसं एका खिशात कधीही ठेवू नका.

वेगाचं लवकर संपतं. नळीच्या दर इंचामागे साधारण ५ ते १० फूट प्रतिसेकंद कमी होतात. २८ इंचांवरून २० वर आलात तर १२०० मधले ४० ते ८० जातील. निम्मा वेग ही शुद्ध थाप आहे. भरून काढण्यासारखं मुळात काही गमावलेलंच नाही.

मॅग्नमने खांदा मात्र नक्की जातो. आखूड दुनळी हलकी असते. जुन्या इंग्रज बंदूककारांचा ठोकताळा आहे की बंदुकीचं वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावं. १ औंस, म्हणजे २८ ग्रॅम छर्ऱ्यांना ६ पौंडी बंदूक. तीन इंची मॅग्नममध्ये १⅞ औंस, म्हणजे ५३ ग्रॅम छर्रे येतात. या हिशेबाने बंदूक ११ पौंडांच्या वर हवी. त्याच बंदुकीतून २८ ग्रॅमच्या सौम्य काडतुसाच्या तुलनेत धक्क्याची ऊर्जा तिपटीहून जास्त भरते. दोन्ही चाप एकदम ओढले तर ती एका बाराच्या चौपट होते. जोरदार धक्क्याने हात सरकून बोट मागच्या चापावर आपटतं आणि दुसरी नळी नको असताना सुटते, हा दुनळीचा जुना धोका आहे. हे मुद्दाम करायला सांगणाऱ्याशी काय बोलावं?

छर्रे पसरतात हे खरं आहे, पण कारण चुकीचं दिलंय. पसारा चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेला निमुळतेपणा, ठरवतो, लांबी नव्हे. पुष्कळ आखूड दुनळ्यांना चोक नसतो किंवा अगदी कमी असतो, म्हणून त्या जास्त पसरवतात. चोक नसलेली नळी ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात साधारण ४० टक्के छर्रे ठेवते, फुल चोक ७० टक्के. पण ४-५ यार्डांवर सगळा बार हाताच्या पंजाएवढ्या जागेत जातो. नेम धरावाच लागतो, आणि त्यापलीकडे काय आहे तेही बघावं लागतं.

स्लगबद्दल, म्हणजे छर्ऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी असलेल्या काडतुसाबद्दल, मेसेजमध्ये एकच ओळ आहे, कोणताही चालतो अशी. नाही चालत. चोकला झेपेल असाच स्लग लागतो, आणि दोन्ही नळ्या एकाच जागी मारतील याची खात्री नसते.

मामेभावाला मी ६५ मिलिमीटरचं, साध्या दाबाचं, २४ किंवा २८ ग्रॅमचं, साडेसात नंबरच्या शिशाच्या छर्ऱ्यांचं काडतूस सांगितलंय. जुन्या नळीत पोलादी छर्रे नकोत. रेंजवर मोठे कागद लावून १०, १५, २०, २५ यार्डांवरून प्रत्येक नळीचा वेगळा बार काढायचा, कागदावर नळी, अंतर आणि काडतूस लिहायचं. ज्या अंतरावर छर्ऱ्यांच्या खुणांमध्ये मोठ्या रिकाम्या जागा दिसू लागतील, त्याच्या अलीकडेच थांबायचं. अंतर वाढवायचं असेल तर चोक असलेली लांब नळीची बंदूक घ्यावी, याच्यात मॅग्नम भरू नये.