टाकून बघायचं नाही

सोपं सुडोकू सोडवणाऱ्या माणसाला घरात मान असतो, अवघड सोडवणाऱ्याला नसतो. सोपं असलं की चहा निवायच्या आत उरकतं, पेपर घडी करून टीपॉयवर टाकायचा, कोणीतरी म्हणतंच, अरे वा, झालं पण? अवघड म्हणजे रविवारच्या पुरवणीतलं, डोक्यावर पाच चांदण्या मिरवणारं. ते घेऊन तुम्ही तासभर बसलात आणि त्या तासात एकही आकडा लिहिला नाहीत, तर बघणाऱ्याला वाटतं हिला काही येत नाहीये. आता त्याला कसं सांगायचं की त्या तासात मी दोन उभ्या ओळींमधून सात हा आकडा हद्दपार केलाय.

नवरा विचारतो, "किती भरले?"

"एकही नाही. काढले."

"लिहिलेच नाहीस तर काढलेस कुठून?"

प्रश्न बरोबर आहे त्याचा, पण उत्तर द्यायला पेन्सिल मार्क म्हणजे काय तिथपासून सुरू करावं लागतं. प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि नऊ घरांच्या चौकोनी बॉक्समध्ये १ ते ९ एकेकदाच यायचे, म्हणून प्रत्येक रिकाम्या घरात कुठकुठले आकडे येऊ शकतात ते बारीक अक्षरात लिहून ठेवायचे आणि मग एकेकाला काहीतरी कारण काढून बाद करायचं. पेपरातलं घर असतं नखाएवढं, त्यात चार-पाच उमेदवार कोंबायचे, वर माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह, त्यामुळे मान वरखाली केल्याशिवाय तीन आहे की आठ ते कळतच नाही. लांबून बघणाऱ्याला वाटतं बाई कसल्यातरी गोष्टीला सारखं हो हो म्हणतेय.

घरात हे सगळं अप्पांमुळे आलं. अप्पा म्हणजे माझे सासरे, रेल्वेच्या अकाउंट्समधून रिटायर झालेले. रविवारी सकाळी ते खाली जाऊन कोड्याच्या दोन झेरॉक्स काढून आणतात, एक त्यांना, एक मला, आणि ओरिजिनल पेपरला कोणी हात लावायचा नाही, ते रेकॉर्डला. नियम एकच. टाकून बघायचं नाही. म्हणजे दोन आकड्यांपैकी कुठला तरी एक ठोकून द्यायचा, पुढे जमलं तर जमलं, नाहीतर खोडरबर, हे चालणार नाही. का आला ते सांगता आलं पाहिजे. लेकीने एकदा मोबाइलवर हिंट नावाचं बटण दाबून दाखवलं, त्यानंतर दोन दिवस अप्पा तिच्याशी फक्त जेवणापुरतं बोलत होते.

मला हल्ली वाटायला लागलंय की हा सगळा मुळात रिटायर माणसांचाच उद्योग आहे. लोक समजतात सुडोकू जपानी. पण आत्ताचं हे रूप बनवलं अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या हॉवर्ड गार्न्स या माणसाने, रिटायर झालेला आर्किटेक्ट, १९७९ साली एका कोड्यांच्या मासिकात आलं ते. मग जपानमध्ये निकोली नावाच्या कोड्यांच्या प्रकाशनसंस्थेने १९८४ मध्ये उचललं. आणि तिथून जगभर कोणी नेलं, तर वेन गूल्ड, हाँगकाँगमधला रिटायर न्यायाधीश. टोकियोच्या एका दुकानात त्याने ते बघितलं, घरी जाऊन कोडी तयार करणारा प्रोग्रॅम लिहायला बसला, त्यात काही वर्षं घातली, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या द टाइम्समध्ये छापून आणलं. अप्पांना यातला न्यायाधीश फार आवडतो. बघ म्हणतात, पुराव्याशिवाय बोलायचं नाही. यावर मी त्यांना सिडनीची गोष्ट सांगते, तिथे २००८ मध्ये ड्रग्जचा एक मोठा खटला महिनोन्‌महिने चालून शेवटी रद्द करावा लागला, कारण ज्यूरीतली मंडळी खाली मान घालून मन लावून नोट्स काढतायत असं सगळ्यांना वाटत होतं आणि ती सुडोकू सोडवत होती. अप्पा म्हणाले, "सुटलं का पण?" मी म्हटलं, आरोपी? म्हणाले, "नाही गं, कोडं."

माझी झेरॉक्स पासाच्या कव्हरमध्ये घडी करून असते आणि मी ती डोंबिवली ते सीएसएमटी सोडवते, कारण घरी बसून सोडवायला घरी बसायला मिळालं पाहिजे. लेडीज डब्याचा एक फायदा असा की तिथे रोज जाणाऱ्या बाईला काही काही स्ट्रॅटेजी शिकवाव्याच लागत नाहीत. नेकेड पेअर घ्या. एका ओळीत दोन घरं अशी आहेत की दोन्हीत फक्त २ आणि ६ च येऊ शकतात, कुठे कुठला ते माहीत नाही, तरी त्या ओळीत बाकी कुठेही २ किंवा ६ येणार नाही एवढं पक्कं. आता डब्यात बघा, समोरच्या दोघी घाटकोपरला उतरणार, आणि त्यांच्या दोन सीट दोन मैत्रिणींनी ठाण्यालाच "मला हां" म्हणून सांगून ठेवल्यात. खिडकीला कोण बसणार यावरून त्या दोघी खुशाल भांडोत, तिसऱ्या बाईने तिथे जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही. हे कळायला लॉजिकचं पुस्तक लागत नाही, डोंबिवली फास्ट पुरते.

एक्स-विंग मात्र मला डब्यात नाही, घरी डायनिंग टेबलवर समजलं, अप्पांनी वाटाण्याचे दाणे मांडून समजावलं. दुसऱ्या आडव्या ओळीत ७ फक्त दोन जागी येऊ शकतो, तिसऱ्या नाहीतर आठव्या उभ्या ओळीत. सहाव्या आडव्या ओळीतही तसंच, तिसऱ्या नाहीतर आठव्या. म्हणजे एकीत डावीकडे आला तर दुसरीत उजवीकडे, किंवा उलट, काहीही झालं तरी तिसऱ्या आणि आठव्या उभ्या ओळीचा ७ या चार घरांतच जाणार, मग त्या दोन उभ्या ओळींतले बाकीचे सगळे ७ खोडा. एवढं सांगून अप्पांनी सात-आठ वाटाणे उचलून तोंडात टाकले. हेच तीन ओळींत पसरलं की स्वोर्डफिश, चार ओळींत जेलीफिश, आणि एखादा दाणा जागेवर नसला की त्याचे आणखी प्रकार, त्यात एक सशिमी, म्हणजे जपानी कच्चा मासा, पण आहे, खरंच. स्वोर्डफिश सापडायला मला फार त्रास होतो. नऊ ओळींमधून नेमक्या कुठल्या तीन घ्यायच्या हे कोणी सांगत नाही, आणि दोन जुळल्या की तिसरीत एक दाणा हमखास भलतीकडे असतो. श्रावणात मी शोधतच नाही, सांगायला कारण असतं.

खरं भांडण झालं ते युनिक रेक्टँगलवरून. दोन आडव्या, दोन उभ्या ओळी, पण बॉक्स दोनच, अशी चार घरं घ्या. तीन घरांत फक्त ३ आणि ८, चौथ्यात ३, ८ आणि ५. आता चौथ्यातसुद्धा ३-८ च असते तर चौघांची अदलाबदल करून कोड्याची दोन उत्तरं झाली असती, आणि नीट बनवलेल्या सुडोकूला उत्तर एकच असतं, म्हणून चौथ्या घरात ५. मला हे इतकं आवडलं की मी ते स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं. अप्पा पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "उत्तर एकच आहे कशावरून?"

"अहो अप्पा, छापलंय त्यांनी. बघूनच छापलं असेल ना."

"बघितलं असेल हे तू गृहीत धरतेस."

ज्या माणसाने उभी नोकरी दुसऱ्याच्या बेरजा तपासण्यात घालवली त्याला पेपरवाल्यावर विश्वास ठेवा कसं सांगणार. तसं बघायला गेलं तर जगभरातले सुडोकूवाले यावर वाद घालतात, एकच उत्तर आहे ही माहिती वापरणं म्हणजे हुशारी की चोरी. माझं स्पष्ट मत, हुशारी. आपण लोकलमध्ये चढताना मोटरमनचं लायसन तपासत नाही. अप्पांचं मत, चोरी, आणि त्यांच्या झेरॉक्सवर ते घर रात्रीपर्यंत रिकामं होतं.

त्यातून नवरा मधेमधे तज्ज्ञ होतो. "यात बरेच आकडे दिलेत की, सोपं असणार." आकडे किती दिलेत आणि कोडं किती अवघड याचा तसा काही हिशेब नसतो हे त्याला पटत नाही. कमीत कमी १७ आकडे द्यावेच लागतात, १६ देऊन एकच उत्तर येणारं सुडोकू बनूच शकत नाही, हे डब्लिनच्या गॅरी मॅग्वायरने २०१२ मध्ये कॉम्प्युटरला प्रचंड राबवून दाखवलं. पण १७ वाली कितीतरी कोडी सरळ सुटतात, आणि फिनलंडच्या आर्टो इंकालाने त्याच वर्षी जगातलं सगळ्यात अवघड म्हणून जे काढलं त्यात चांगले २१ आकडे आहेत. ते मी प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय. त्यावर सध्या दूधवाल्याचा हिशेब आहे.

मध्यंतरी मला फिस्टोमेफेलचं कडं कळलं. हे एका कोडी बनवणाऱ्याचं टोपणनाव. गंमत अशी की चौकटीच्या चार कोपऱ्यांतली चार-चार घरं घ्या, झाली सोळा, आणि अगदी मधल्या बॉक्सभोवती जे कडं तयार होतं त्यातली घरं मोजा, तीही सोळा. या सोळात जे आकडे असतात तेच त्या सोळात असतात, जितक्या वेळा इथे तितक्याच वेळा तिथे, कुठल्याही सुटलेल्या सुडोकूत. सिद्धताही छोटीशी आहे, चार ओळी एकीकडे, दोन ओळी आणि दोन बॉक्स दुसरीकडे, दोन्हीकडे चार-चार वेळा १ ते ९, सामाईक घरं वजा केली की झालं. अप्पांना सिद्धता पटली, तरी म्हणाले, रेकॉर्ड तपासू. नेमका त्याच दिवशी रद्दीवाला आलेला. तो दारात काटा धरून उभा, आणि अप्पा जमिनीवर बसून एकेका जुन्या रविवारच्या कोपऱ्यांवर टिका मारतायत. कितीतरी पुरवण्यांमध्ये बरोबर निघालं. रद्दीवाला म्हणाला, "काका, लॉटरी का?" नंतर त्याने टिका मारलेले पेपर वेगळे ठेवले, न जाणो.

मग तो पाऊस पडला. कुर्ला आणि सायनच्या मध्ये गाडी थांबली, जशी थांबते तशी, आणि मला आनंद झाला, कारण बसायला जागा होती, कोडं अर्धं झालं होतं आणि एका घरात २ की ५ एवढ्यावर सगळं अडलं होतं. मी ठाण्यापासून त्याच घराच्या मागे होते. एक्स-विंग बघून झालं, मासे संपले. समोर एक बाई उभी होती, हातात डबा, खांद्यावर ओली ओढणी, ती वाकून बघत होती, म्हणजे तिला कोडं उलटं दिसत होतं हे लक्षात घ्या. बरंच बघून ती म्हणाली, "तिथे पाच टाका ना."

मी विचारलं, "कशावरून?"

"असंच. वाटलं."

दोनच उमेदवार असलेल्या घरात डोळे मिटून बोट ठेवलं तरी निम्म्या वेळा बरोबर येतं, हे गणित मला येतं. तरी इतका राग आला. आजूबाजूच्या चार जणींनीही मान डोलावली, हो हो, पाचच वाटतोय, एकीने तर मला पेन काढून दिलं, पेन! मी काही लिहिलं नाही. घरी जाऊन अप्पांना सांगितलं, ते म्हणाले, "पाच असेलही. पण व्हाउचर नाही."

त्या रात्री साडेअकराला त्यांनी सगळ्यांना उठवलं. साखळी सापडली होती. समजा इथे २ आहे, मग खाली ८ येतो, ८ आला की शेजारच्या बॉक्समध्ये १ ला एकच जागा उरते, तिथून वर, तिथून परत डावीकडे, असं करत करत शेवटी एकाच ओळीत दोन ४ होतात. हे चालत नाही. म्हणून २ नाही, म्हणून ५. बोट कागदावर फिरत होतं आणि आम्ही तिघं जांभया देत बोटामागे.

लेक म्हणाली, "आजोबा, हे तर टाकून बघणंच झालं."

"टाकलं कुठे? कागद बघ, कोरा आहे. समजून बघितलं."

यावर कोणी काही बोललं नाही, वेळही तशी नव्हती. याला फोर्सिंग चेन म्हणतात आणि जाणकारांचंही त्यावर एकमत नाहीच. माझा हिशेब असा की मधेच पेन्सिल टेकवली तर तो अंदाज, आणि शेवटपर्यंत डोक्यात धरून ठेवता आलं तर लॉजिक. अप्पांच्या डोक्यात अकरा घरं मावतात. माझ्या डोक्यात चार मावतात, पाचव्याला कुकर लावायचा राहिलाय ते आठवतं.

दुसऱ्या दिवशी ती बाई परत भेटली, तशीच समोर उभी. मी तिला सांगितलं, पाचच होता तुमचा, सासऱ्यांनी सिद्ध केलं. ती खूश झाली, म्हणाली, "मला आकड्यांतलं काही कळत नाही हो, मी आपली शब्दकोडीवाली." आणि लगेच वाकून, "पण त्या वरच्या कोपऱ्यात नऊ येईल बघा."

तिचा वरचा म्हणजे माझा खालचा कोपरा. तिथे मी पेन्सिलीने बारीक सहा लिहिला होता, इंग्रजी सहा, आणि त्याच्या शेजारी नऊ. दादर आलं, ती उतरायला निघाली. तिला आतून वाटलेला नऊ की उलटा दिसलेला सहा, एवढंच विचारायला मी तिच्या मागे दारापर्यंत गेले, ती गर्दीत गेलीही, आणि वळून बघते तर माझी सीट गेलेली.